काटा मधोमध

६ जानेवारी, रात्र

शुद्धलेखन चुकलं तर माफी असावी. टायपिंग पण हळू आहे. एकाच अंगठ्याने चाललंय, कारण दुसऱ्या अंगठ्यावर व्हॅनचं बॉनेट पडलंय. तसं हे कोणी वाचणार नाही, मग माफी कोणाची मागतोय ते माहीत नाही. मराठीच्या बाईंची असेल. शाळा सोडली तरी त्या डोक्यात खुर्ची टाकून बसल्यात.

रोजनिशी आजपासून. मोठी माणसं सुरुवातीपासून लिहून ठेवतात. पुढे लोक विचारतात, तुम्ही सुरुवात कशी केली, तेव्हा आठवत बसायला नको. मला तर कोणी काही विचारलं की घशात बूच बसतं. लिहिलेलं असलं की मोबाइल पुढे करायचा, काम झालं.

तर सुरुवात अशी. बाबांची व्हॅन आजारी आहे. व्हॅन माझ्यापेक्षा वयाने मोठी. बाबा तिच्यातून लाँड्रीच्या धुतलेल्या चादरी हॉस्पिटलात पोचवतात. सकाळी थंड असताना एका झटक्यात चालू होते. पण पहिल्या हॉस्पिटलला चादरी उतरवून परत किल्ली फिरवली की रुसते. इंजिन गरम असलं की चालूच होत नाही. बाबा किल्ली फिरवत बसतात, मागून काळा धूर, पुढे पिवळा दिवा, आणि दुसऱ्या हॉस्पिटलात नर्स बिनचादरीच्या खाटांकडे बघत उभ्या.

आज लाँड्रीचा मॅनेजर बाबांना म्हणाला की आता परत उशीर झाला तर तुमची लाइन दुसऱ्याला. एक जण नवी कोरी व्हॅन घेऊन तयारच आहे म्हणे. बाबांनी हे आईला बूट काढता काढता सांगितलं. आई म्हणाली, मग वस्तादकडे टाका ना गाडी. वस्ताद म्हणजे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. बाबा म्हणाले, त्याच्याकडे टाकली की आठवडाभर येत नाही, तेवढे दिवस चादरी काय पाठीवर नेऊ? आई म्हणाली, मग? बाबा म्हणाले, मग काय. बघू.

लाइन गेली तर बाबांकडे दुसरं काही नाही. त्यांना ती एकच गोष्ट येते, वेळेवर पोचणं.

जेवताना मनात ठरवलं. व्हॅन मी नीट करणार. शिवाय रोज एका तरी माणसाशी स्वतःहून बोलणार. शिवाय लवकर उठणार.

७ जानेवारी

उशिरा उठलो. अंगठा ठणकत होता.

८ जानेवारी

दिवसभर अभ्यास. शाळेत एवढा केला असता तर शाळेत असतो.

मोबाइलवर एक सर सापडले. त्यांचं तोंड दिसत नाही, फक्त हात दिसतात. बोलत पण नाहीत. मागे बासरी वाजते आणि खाली अक्षरं येतात. मी त्यांना हातवाले सर म्हणतो. असे शिक्षक असते तर मी शाळा सोडलीच नसती.

कळलेलं लिहून ठेवतो. गाडीला एक कॉम्प्युटर असतो. त्याला डोळे नाही, कान नाही. म्हणून इंजिनमध्ये जागोजागी सेन्सर बसवलेले असतात, म्हणजे चुगलखोर. एक सांगतो हवा किती आली. एक सांगतो तेलाचं काय चाललंय. आणि एक पाण्यात तोंड बुडवून बसलेला असतो, तो सांगतो इंजिन किती तापलं. गाडी जुनी झाली की हे चुगलखोर झिजतात आणि काहीच्या काही सांगायला लागतात. आपल्या व्हॅनचा पाण्यातला चुगलखोर झिजलाय. इंजिनवर चहा उकळेल एवढं तापलं तरी तो सांगतो, फार थंडी आहे हो साहेब. कॉम्प्युटर बिचारा दया येऊन जास्तीचं पेट्रोल ओततो. इंजिनला ठसका लागतो. झालं.

एवढं सोपं आहे. वस्ताद लोक उगाच मान हलवून गंभीर चेहरा करतात.

९ जानेवारी

सेन्सर काढला. बाबा दुपारचे झोपले होते. हातवाल्या सरांनी सांगितलं तसं पितळी तोंड घासून लख्ख केलं. आईची टूथपेस्ट वापरली. परत बसवला. पहिल्याच प्रयत्नात. हात उपजतच असावा लागतो.

बाबा उठले, म्हणाले बॉनेटशी काय करत होतास? म्हटलं, बघत होतो. म्हणाले, बघ, पण हात लावू नकोस.

१० जानेवारी

व्हॅन तशीच. शिवाय खाली तेलाचा डाग.

परत व्हिडिओ बघितला. मी घासला तो तेलाचा सेन्सर होता. पाण्याचा त्याच्या पलीकडे, नळीच्या मागे आहे. व्हिडिओतली गाडी उजवीकडून दाखवली होती आणि मी डावीकडे उभा होतो, त्यामुळे ही चूक माझी धरता येणार नाही. तेलाचा सेन्सर मात्र आता या गल्लीतला सगळ्यात स्वच्छ सेन्सर आहे.

परत आवळला. डाग थांबला. जवळजवळ.

१२ जानेवारी

पाण्याचा सेन्सर घासून भागणार नाही, नवीन घ्यावा लागेल असं ठरवलं. स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. वाक्य घरून पाठ करून निघालो होतो. रस्त्यात पण म्हणत होतो. दुकानात गर्दी होती. माझा नंबर आला तेव्हा मी मागच्याला पुढे जाऊ दिलं. मग त्याच्या मागच्याला. सभ्यपणा म्हणून. शेवटी दुकानात कोणी उरलंच नाही आणि दुकानदाराने विचारलं, काय रे, काय पाहिजे?

वायपर घेऊन आलो. काउंटरवरच होता, बोट दाखवता आलं.

आपला वायपर तसाही झिजला होता. सुरुवात कुठून तरी करावीच लागते.

१३ जानेवारी

ताईने वायपर बघितला. ताई मोठी, मोबाइलच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर लोकांशी बोलून तिची जीभ धारदार झाली आहे. ती मला घुम्या म्हणते. म्हणाली, घुम्या, इंजिन गरम होतंय तर त्याला वायपरने वारा घालणार का? मग जरा वेळाने म्हणाली, उद्या मला सुट्टी आहे, मी येते तुझ्याबरोबर, मी विचारते दुकानदाराला.

नको म्हटलं. दुकानदाराला वाटेल मला बोलता येत नाही.

बाबांना आज पण उशीर झाला. मॅनेजर लग्नाला गेला होता म्हणून वाचले. बाबांनी जेवताना मीठ मागितलं नाही, तसंच जेवले. त्यांचं लक्षच नव्हतं.

१४ जानेवारी

सापडलं. हातवाल्या सरांचा नवीन व्हिडिओ. पाण्याच्या सेन्सरची पिन काढायची आणि तिच्या तोंडात एक रेझिस्टर खोचायचा. तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, अंगावर रंगीत पट्टे. हा रेझिस्टर कॉम्प्युटरला एकच गोष्ट सांगतो, इंजिन छान कोमट आहे, काळजी नसावी. सरांच्या गाडीचा दिवा विझला, गरम इंजिन खाटकन चालू झालं. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

म्हणजे नवीन चुगलखोर आणायचाच नाही. जुन्याला घरी बसवायचं आणि त्याच्या जागी असा माणूस ठेवायचा जो कधीच तक्रार करत नाही.

व्हिडिओच्या शेवटी भाग दोन बघा असं आलं. बघायची गरज नाही. दुखणं थांबल्यावर डॉक्टरकडे कोण जातं.

रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग मिळतात त्या दुकानात गेलो. तिथे काचेचे छोटे छोटे खण आहेत, बोट दाखवायचं. म्हातारा दुकानदार माझ्यासारखाच. मी बोट दाखवलं, त्याने भुवया उचलल्या, मी मान हलवली, त्याने पुडी बांधली. फार छान बोलणं झालं. आजचा माणूस धरला.

१५ जानेवारी, दुपार

खोचला. वरून काळी टेप. बाहेरून काही दिसत नाही, कंपनीने केल्यासारखं.

१५ जानेवारी, संध्याकाळ

बाबांना सांगितलं की मी एक वायर नीट केली आहे, एकदा बघा. ते गल्लीला चार चकरा मारून आले. इंजिन चांगलं तापलेलं असताना बंद केलं. मग किल्ली फिरवली.

चालू.

परत बंद केलं, परत फिरवली. चालू. धूर नाही. पिवळा दिवा गेला. पाण्याचा काटा बरोबर मधोमध.

बाबा म्हणाले, अरे. आणि किल्ली हातात धरून नुसते बसून राहिले. मग उतरले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ठेवून काढायचा विसरले. त्या हाताला लाँड्रीचा वास येतो, साबण आणि वाफ. आई दारात होती, ती म्हणाली, काय हो, झाली? बाबा म्हणाले, हो ना, आपल्या घुम्याने केली.

बाबांनी मला घुम्या म्हटलं ते पहिल्यांदाच. पण वेगळं म्हटलं.

१६ जानेवारी

उशीर नाही.

१७ जानेवारी

उशीर नाही. बाबा दोन्ही हॉस्पिटलात वेळेआधी. नर्सने बाबांना चहा दिला म्हणे.

पुढचा प्लॅन. वर्षभरात सगळे सेन्सर शिकून घ्यायचे. मग स्वतःचं छोटं दुकान. पाटी: जुन्या गाड्यांचे सेन्सर दुरुस्त करून मिळतील. खाली बारीक अक्षरात: कृपया गाडीची तक्रार लिहून द्यावी. म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलायला नको.

१९ जानेवारी

बाबा म्हणाले, गरम झाल्यावर मस्त चालू होते, पण आता सकाळी थंड असताना वेळ घेते. जरा खोकते. मी सांगितलं की वय झालेल्या माणसाला सकाळी उठायला वेळ लागतोच. बाबा म्हणाले, ते खरं. स्वतःची कंबर धरून म्हणाले.

ताई आज बाबांबरोबर कामावर गेली, व्हॅनमध्ये बसून. संध्याकाळी मला म्हणाली, घुम्या, एक सांग, सकाळी इंजिन बर्फासारखं गार होतं, तरी किल्ली फिरवल्या फिरवल्या काटा मधोमध कसा? मी म्हटलं, म्हणजे काय, आधी कसा वेड्यासारखा खाली पडलेला असायचा. आता स्थिर आहे. ती म्हणाली, स्थिर म्हणजे हलतच नाही ना. मी म्हटलं, हलत नाही यालाच स्थिर म्हणतात.

नाचता येईना अंगण वाकडं, असं काहीतरी पुटपुटली. ताईला यंत्रातलं कळत नाही.

२१ जानेवारी

बाबांना अजून एक गोष्ट जाणवली. आधी गाडी कुठे थांबली की समोरचा पंखा घों घों करून सुरू व्हायचा. आता आवाजच नाही. किती शांत झाली गाडी, म्हणाले.

हे मी केलं असं मला पण माहीत नव्हतं. इंजिनचं डोकं ठिकाणावर असलं की पंख्याची गरजच उरत नाही.

२२ जानेवारी

आनंदाची बातमी. मॅनेजर खूश. बाबांची लाइन कायम, आणि वर पुलापलीकडचं मोठं हॉस्पिटल पण सोमवारपासून बाबांनाच. नव्या व्हॅनवाला परत गेला. आई आज स्वयंपाक करताना गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मी विसरूनच गेलो होतो.

बाबा येताना वस्तादच्या गॅरेजवर थांबले होते. माझ्याबद्दल बोलले म्हणे. काय बोलले ते विचारलं नाही. वस्तादला टेन्शन आलं असणार. कोपऱ्यावर त्याचं एकट्याचं गॅरेज होतं, आता माझी पाटी लागणार.

आज कोणाशी स्वतःहून बोललो नाही. पण माझ्याबद्दल बोलणं झालं, ते धरू.

२४ जानेवारी

बाबा म्हणाले, गाडीत गोडसर वास येतो. गरम गरम, पाकासारखा. मी विचार करून सांगितलं की लाँड्रीने चादरींचा साबण बदलला असेल. बाबा म्हणाले, असेल बाबा, तू म्हणतोस तर.

तू म्हणतोस तर. हे वाक्य या घरात मला कोणी म्हणेल असं वाटलं नव्हतं.

२६ जानेवारी

मोठ्या हॉस्पिटलचा पहिला दिवस. तिथे गेटवर गाड्यांची रांग लागते. सगळे इंजिन चालू ठेवून इंच इंच सरकतात. आधीच्या दोन हॉस्पिटलात असं नव्हतं, गाडी पळतच असायची, वारा लागायचा. बाबा म्हणाले, रांगेत पायाशी फार गरम लागत होतं. उतरून बघितलं तर इंजिनच्या पाण्याची बाटली अर्ध्यावर आली होती. भरली.

मी विचारलं, काटा? बाबा म्हणाले, मधोमध.

मग झालं तर. पाय गरम लागले कारण बाबांनी जाड मोजे घातले होते.

२७ जानेवारी

पाणी परत कमी. परत भरलं. बाबा म्हणाले, वस्तादला नुसतं दाखवू का एकदा? मी म्हटलं, काटा मधोमध आहे तोवर काही करू नका. बाबा म्हणाले, बरं.

त्यांनी मला विचारलं आणि मी उत्तर दिलं. अडखळलो नाही. लिहून ठेवतो.

२८ जानेवारी, दुपार

बाबांचा ताईला फोन आला. मोठ्या हॉस्पिटलच्या रांगेत व्हॅन बंद पडली. बंद म्हणजे आधी खडखड, मग समोरून पांढरी वाफ, मग काहीच नाही. मागचे हॉर्न वाजवत होते. वॉचमन बाबांना म्हणाला, अहो काटा बघायचा ना चढताना. बाबा म्हणाले, मी काट्याकडेच बघत होतो.

चादरींचे गठ्ठे बाबांनी खांद्यावरून आत नेले. एक एक करून. ऑपरेशन खोळंबलं होतं म्हणे. ताई हे सगळं सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

वस्तादच्या माणसाने दोरी लावून गाडी ओढून आणली.

२८ जानेवारी, संध्याकाळ

भाग दोन बघितला.

बासरी तीच. हात तेच. पहिल्याच मिनिटाला सर रेझिस्टर काढून टाकतात. खाली अक्षरं येतात: ही फक्त तपासणी होती. आता तुमचा सेन्सर झिजला आहे हे सिद्ध झालं, नवीन सेन्सर आणून बसवा. रेझिस्टर ठेवून गाडी चालवू नका. पुष्कळ गाड्यांत काटा आणि पंखा दोन्ही याच सेन्सरवर चालतात. बिघडलेला सेन्सर दिसला की कॉम्प्युटर सावधगिरीने पंखा लावतो, रेझिस्टर असला की तोही लागणार नाही, काटा मधोमध राहील, इंजिन शिजेल आणि तुम्हाला कळणार नाही.

तुम्हाला कळणार नाही, हे लाल अक्षरात होतं.

हे पहिल्या भागात सांगायला पाहिजे होतं. मी तिथे खाली कॉमेंट लिहायला घेतली. सर, तुमच्यामुळे एका कुटुंबाचं... एवढं लिहून थांबलो. पुढे काय लिहायचं ते सुचलं नाही. पुसून टाकलं. हजारो लोक वाचतात तिथे.

आता बाबांना सांगायचं. ते आत पाय पसरून बसले आहेत. आई तेल लावते आहे खांद्याला. आत्ता नको. तेल लावून झाल्यावर.

२९ जानेवारी

काल तेल लावून झाल्यावर ते झोपले.

आज बाबांबरोबर गॅरेजवर. ठरवून गेलो होतो की वस्तादने बॉनेट उघडायच्या आत सांगायचं. वाक्य पाठ होतं: वस्ताद, ते मी लावलं आहे. एवढंच.

वस्ताद भरघोस मिशांचा आहे आणि मोठ्याने बोलतो. गॅरेजमध्ये अजून दोन ड्रायव्हर आणि चहावाला होता. वस्तादने वरचं झाकण काढलं, बोट फिरवलं, म्हणाला, हा गोड वास गळलेल्या कूलंटचा, हेड वाकलं, गॅस्केट जळलं, आत सगळं शिजून पिठलं झालंय, हे इंजिन आता टाकायचं. मग नळीच्या मागे हात घातला आणि काळी टेप ओढली. टेप सुटली. रेझिस्टरचा दाणा त्याच्या तळहातावर पडला.

वस्ताद आधी बघतच राहिला. मग हसायला लागला. हसता हसता खाली बसला. ड्रायव्हरांना बोलावून दाखवलं. म्हणाला, या बघा या, ताप आलेल्या माणसाच्या तोंडातला थर्मामीटर काढून डॉक्टरच्या हातात फोटो दिलाय, नॉर्मल ताप असलेल्या थर्मामीटरचा. कोण हा विद्वान? कुणी केलं हे?

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

बाबा म्हणाले, मी.

वस्ताद म्हणाला, तुम्ही? एवढी वर्षं गाडी चालवताय आणि तुम्ही? बाबा म्हणाले, हो, मोबाइलवर बघितलं, म्हटलं करून बघू. वस्ताद म्हणाला, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, अहो तुमच्या घरात एवढा गुणी मुलगा आहे, त्याला तरी विचारायचं. बाबा म्हणाले, हो ना. चुकलं.

एक ड्रायव्हर डोळे पुसत होता, हसून. चहावाला पण हसत होता. बाबा पण थोडे हसले, लोकांबरोबर हसतात तसे.

मला एकदम तहान लागली म्हणून मी पाणी प्यायला गेलो. आलो तोवर विषय संपला होता.

३० जानेवारी

ताईने सांगितलं. त्या चांगल्या आठवड्यात बाबा वस्तादला जाऊन म्हणाले होते की आमच्या पोराच्या हाताला गुण आहे, बोलत नाही पण करतो, तुमच्याकडे ठेवून घ्या. वस्ताद हो म्हणाला होता. हे काम तुझं आहे असं कळलं असतं तर त्याने तुला दारात उभं केलं नसतं, ताई म्हणाली. आता कळलं का घुम्या?

मी म्हटलं, मी सांगणारच होतो.

ती म्हणाली, हो. तू नेहमी सांगणारच असतोस.

जरा कठोर बोलली. कामाचा ताण असेल.

३१ जानेवारी

लाइन गेली. नव्या व्हॅनवाला परत आला. मॅनेजरने बाबांचा हात हातात घेऊन सांगितलं, वाईट वाटतं, पण ऑपरेशन खोळंबलं, वरून बोलणी बसली. मग म्हणाला, नव्या माणसाला हॉस्पिटलांचे रस्ते, मागची दारं, कुठल्या मजल्यावर किती गठ्ठे, काही माहीत नाही. गठ्ठे उतरवायला माणूस पण पाहिजे. येता का?

बाबा हो म्हणाले.

आई म्हणाली, त्याच्या गाडीत? हमाल म्हणून? बाबा म्हणाले, बसायचं तर आहे, चालवायचं टेन्शन नाही. वेळेवर तो पोचवेल.

आपली व्हॅन वस्तादच्या मागच्या अंगणात ढकलली. भंगारवाला येऊन बघून गेला.

२ फेब्रुवारी

नवीन संकल्प. उद्यापासून मी वस्तादकडे कामाला. लवकर उठायचं. रोज एक गोष्ट शिकायची. पहिल्याच दिवशी वस्तादला खरं सांगायचं. बाबांना पण, म्हणजे ते माहीतच आहे त्यांना, पण मी सांगितलेलं नाही. दोघांना सांगितलं की मन मोकळं, मग कामात लक्ष.

पहाटे बाबा निघाले. किल्ली नेहमीच्या खिळ्यावरून काढायला हात गेला. खिळा रिकामा होता. हात तसाच केसांवरून फिरवला आणि गेले.

३ फेब्रुवारी

पहिला दिवस. वेळेवर पोचलो. वस्ताद म्हणाला, ये घुम्या. हे नाव त्याला कोणी सांगितलं काय माहीत.

काम येतंय. पाने पुसले, नटबोल्ट वेगळे केले, एका टेम्पोचा हवेचा फिल्टर झटकला. वस्ताद म्हणाला, हात चांगला आहे तुझा, बापावर गेला नाहीस.

सांगणार होतो तेव्हा. गिऱ्हाईक आलं.

५ फेब्रुवारी

वस्तादने तो दाणा तारेत ओवून भिंतीवर टांगलाय, पान्यांच्या फळीशेजारी. कोणी गिऱ्हाईक आलं की चहा येईपर्यंत गोष्ट सांगतो. चादरीवाल्या ड्रायव्हरची. दर वेळी थोडी वाढते. आज त्यात बाबा काट्याला नमस्कार करून निघायचे असं आलं. लोक हसतात. मग वस्ताद माझ्याकडे बघून म्हणतो, वाईट नको वाटून घेऊ रे, बाप आहे तुझा, पण आहे ते आहे.

मी पण हसतो. थोडंसंच. नाही हसलो तर संशय येईल.

९ फेब्रुवारी

आज नवी व्हॅन गॅरेजवर आली, चाकात हवा भरायला. बाबा पुढे बसले होते, ड्रायव्हरच्या शेजारी. मांडीवर गठ्ठा. वस्तादने मला हाक मारली, घुम्या, हवा भर. मी भरली. वस्ताद नव्या ड्रायव्हरला भिंतीपाशी घेऊन गेला आणि दाणा दाखवून गोष्ट सांगायला लागला. बाबा काचेतून सगळं बघत होते. ऐकू येत होतं त्यांना.

मी मागच्या चाकापाशी बसलो होतो. हवा भरून झाली होती तरी नळी धरून बसलो.

गोष्ट संपली, नवा ड्रायव्हर हसत येऊन बसला. बाबांनी काच खाली केली. मला म्हणाले, डबा खाल्लास का? मी म्हटलं, हो. म्हणाले, बरं. वस्ताद काय शिकवतो ते नीट बघ. मी म्हटलं, हो.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. वस्ताद तिथेच होता, बाबा तिथेच होते, एकाच वाक्यात दोघांना झालं असतं. पण नव्या ड्रायव्हरने गाडी चालू केली. एका झटक्यात चालू झाली. आवाजच नाही तिला. निघून पण गेली.

१० फेब्रुवारी

आज सांगणार होतो. चार गिऱ्हाइकं होती.

उद्या कमी असतील.

आत्ता ताई जिना धडधडत चढून आली. वरच्या मजल्यावरचे आजोबा, काठीवाले, रविवारी लग्न करतायत. बाई दातांच्या दवाखान्यात भेटली म्हणे. आता रविवारपर्यंत सगळे त्याच गडबडीत, सोमवारी सांगतो.